आठवा तळखडा

पाथरवटाला सगळे ओळंबा म्हणत. दोरीला शिसं बांधून भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं साधन, तो ओळंबा. हे नाव त्याला ठेवलं त्याच्या बायकोनं, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, रागाच्या भरात. "माणूस आहात की ओळंबा? जरा म्हणून इकडेतिकडे होणं नाही!" शेजारच्या लोहारानं ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत नाव गल्लीभर झालं. राग दुसऱ्या दिवशी गेला, नाव तीस वर्षं टिकलं. तिला मात्र कुणी टोपणनाव ठेवलं नाही. ती सुतारीण होती, बापाकडून काम शिकलेली, आणि तिच्या हातात सदा करवत नाहीतर पटाशी असल्यामुळे तसं धाडस कुणाला झालं नसावं.

दोघांचे धंदे एकाच छपराखाली चालत. लांबट पत्र्याची शेड, उजवीकडे दगड, डावीकडे लाकूड, आणि मधे जाड ताडपत्रीचा पडदा. दगडाची भुकटी म्हणजे रंध्याच्या पात्याची वैरीण, एकदा बसली की धार गेलीच म्हणून समजा. सुरुवातीला या भुकटीवरून इतकी वाजावाजी झाली की शेवटी सुतारिणीनं स्वतःच पडदा शिवून टांगला. लोक भांडण झाल्यावर त्यावर पडदा टाकतात, हिनं आधीच टाकून ठेवला. त्यानंतर दोघं दिवसभर एकमेकांना दिसत नसत, नुसती ऐकू येत. पलीकडे टाकीची, म्हणजे दगडाच्या छिन्नीची, टकटक, अलीकडे करवतीची खरखर. टकटक थांबली की तिला कळे, यांना पाणी हवंय. खरखर थांबली की त्याला कळे, हिचा पाय आखडलाय.

आणि दोघांचं काम भेटे ते एकाच जागी, तळखड्यावर. लाकडाचा खांब थेट जमिनीत रोवला तर ओल खालून चढते आणि बुंधा कुजतो. वरून खांब चांगला ताठ दिसतो आणि आत भुसा झालेला असतो. म्हणून खांबाखाली दगड द्यायचा, निम्मा जमिनीत, निम्मा वर, आणि त्याच्या माथ्यावर खांब उभा करायचा. दगड घडवणार ओळंबा, खांब करणार सुतारीण. त्यांचं लग्नही असंच जमलं होतं, एका धान्याच्या कोठाराच्या कामावर. खांब तिच्या बापाचे होते, दगड याचे. बाप तिला म्हणाला, "एवढा सपाट दगड घडवणारा माणूस मी पाहिला नाही. आता स्वभाव कसा आहे ते तू बघ." तिनं स्वभाव बघायचा सोडून पुन्हा दगडच बघितले, आणि बघून झाल्यावर हो म्हणाली.

दगड होतेही तसेच. ओळंबा कधी पट्टी लावत नसे. टाकीचं काम संपलं की डोळे मिटायचे, उजवा तळहात दगडाच्या माथ्यावर टेकवायचा आणि सावकाश फिरवायचा. केसाएवढा उंचवटा असला तरी हात तिथं अडायचा. "पट्टी एका रेघेत बघते," तो म्हणे, "हात सगळीकडे एकदम बघतो." सुतारिणीनं इतकी वर्षं खांबाचा तळ करवतीनं सरळ कापला, दोनदा रंधा मारला आणि दगडावर ठेवला. खांब कधी डुलला नाही. कुठलाही खांब कुठल्याही दगडावर ठेवा, मधे कागद शिरायचा नाही. नवऱ्याच्या शंभर खोडी तिला तोंडपाठ होत्या. तरी खांब टेकवताना दर वेळी तिच्या मनात यायचंच, काय हात आहे या माणसाचा!

तिच्या माहेरची रीत वेगळी होती. बापआजे नदीकाठी होड्यांसाठी छपऱ्या बांधत. तिथं पाथरवट कुठला? पाण्यातला गोटा उचलायचा, असेल तसा जमिनीत बसवायचा आणि खांबाचा तळ परकारानं आखून त्या गोट्याच्या अंगाबरहुकूम कोरायचा. दगडाला पोट असेल तर लाकडाला तेवढी खोबण, दगडाला खळगा असेल तर लाकडाला तेवढं नाक. "दगड हट्टी, लाकूड शहाणं," बाप म्हणायचा, "शहाण्यानं वळायचं." लग्नानंतर तिनं हे मोठ्या कौतुकानं नवऱ्याला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "म्हणजे दगड घडवता येत नाही म्हणून लाकूड छळायचं! अगं, माझ्या दगडावर ज्या दिवशी परकार फिरवायची वेळ येईल ना, त्या दिवशी मी टाकी खाली ठेवीन." तो असं म्हणाला, आणि ओळंबा जे म्हणे ते करे. बापाचा परकार, दोन पायांचा, बिजागरीशी गुळगुळीत झालेला, तेव्हापासून तिच्या पेटीच्या तळाशी पडून होता.

मग शाळेचं काम आलं. वर्गांच्या पुढे नवी ओसरी बांधायची होती, आठ खांबांची. ठेकेदाराला खांबांखाली सिमेंटचे तयार ठोकळे घालायचे होते, पण शाळेच्या मोठ्या बाई दगडावर अडून बसल्या. ठेकेदार वाईट माणूस नव्हता. छप्पर मुलांच्या डोक्यावर येऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. "एक खांब जरी डुलला, तरी मी ठोकळ्यांवर जाणार," त्यानं बजावलं.

ओळंबा नाकावर माशी बसू देत नसे. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला. "दगड झाले की या आणि बघा."

पहिला दगड झाला. सुतारिणीनं कप्पीला साखळी लावून खांब उचलला, दगडावर उतरवला, आणि खांब डुलला.

तिला आधी वाटलं, आपलाच काप चुकला. खांब आडवा पाडून तिनं तळाला काटकोन बघायचा गुण्या लावला. काप बरोबर होता. मग तिनं इकडेतिकडे बघितलं, पडद्यापलीकडे टकटक चालू आहे याची खात्री केली आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याच्या दगडावर पोलादी पट्टी उभी धरली. पट्टी मधेच टेकली. दोन्ही टोकांखालून उजेड आला. दगडाला पोट होतं.

पडद्याच्या फटीतून तिनं पलीकडे पाहिलं. ओळंबा दुसऱ्या दगडापाशी डोळे मिटून बसला होता. त्याचा तळहात माथ्यावरून सावकाश फिरत होता, आणि चेहऱ्यावर तेच समाधान होतं, तीस वर्षांचं. मग त्यानं हात उचलला, बोटं तोंडाशी नेऊन त्यांवर फुंकर घातली आणि ती मांडीवर चोळली. तेव्हा तिला एकेक आठवायला लागलं. गेल्या महिन्यात त्याच्या हातून कप पडला होता. सदऱ्याची बटणं तो हल्ली तिच्याकडून लावून घ्यायचा, आणि तिला वाटत होतं, म्हातारपणी लाड सुचतायत. जन्मभर टाकीचे हादरे खाऊन बोटं बधिर झाली होती. त्यांना आता काही लागतच नव्हतं, आणि लागत नाही म्हणजे सगळं सपाट आहे, असं तो धरून चालला होता.

सांगावं तर तो टाकी खाली ठेवणार. न सांगावं तर खांब डुलणार, ठेकेदार दगड परत धाडणार, आणि मग तर तो ठेवणारच. टाकीशिवाय हा माणूस सकाळी उठून करणार काय? तिच्या डोळ्यांसमोर रिकामी उजवी बाजू आली, पडदा काढून टाकलेली शेड आली. त्या शेडेत तिला एकटीला करवत चालवता येईना, नुसती कल्पना करूनसुद्धा. तिनं पेटी उघडली, सगळी हत्यारं बाहेर काढली आणि तळाशी हात घातला.

दुपारी जेवण झालं की ओळंबा वामकुक्षी घेई, भिंतीकडे तोंड करून, गोणपाटावर. तेवढ्यात काम उरकायचं. तिनं खांब कप्पीवर अगदी सरळ टांगला, दगडापासून चार बोटं वर. परकार उघडला. एक पाय दगडावर, एक पाय लाकडावर, आणि खांबाभोवती सावकाश एक फेरी. खालचा पाय दगडाच्या चढउतारावरून जाई, आणि वरचा पाय तोच चढउतार लाकडावर ओढत जाई. फेरी पुरी झाली तेव्हा नवऱ्याच्या हाताची सगळी चूक खांबाच्या तळाशी रेघ होऊन उमटली होती. मग पटाशी. दगडाच्या माथ्याला कोळसा फासायचा, खांब उतरवायचा, उचलायचा, जिथं काळं लागलं तिथं तासायचं, पुन्हा उतरवायचा. हात विसरले नव्हते. शेवटच्या खेपेला खांब टेकला आणि असा बसला, जणू तिथंच उगवला होता. तिनं दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं, हलेना. दगडावरचा कोळसा तिनं ओल्या फडक्यानं पुसला आणि परकार पदराआड केला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकणं सोपं नव्हतं. पूर्वी कुठलाही खांब कुठल्याही दगडावर जाई, आता प्रत्येक खांबाचा एकच दगड. हमालांनी अदलाबदल केली की सगळं मुसळ केरात. म्हणून तिनं प्रत्येक जोडीला आडबाजूला पटाशीनं बारीक खुणा केल्या, आणि दर खेपेला दगडांबरोबर स्वतः टेम्पोत बसून शाळेवर जायला लागली.

"तू कशाला जातेस धक्के खायला?" ओळंब्यानं विचारलं.

"हवा लागते."

"टेम्पोत मागे बसून?"

"घरात बसून लागत नाही ना," ती म्हणाली आणि टेम्पोत चढली.

तिसरा दगड चालू असताना मोठ्या बाई शेडेत आल्या. उंच, काटकुळ्या, डोळ्यांत सदा प्रश्न. शाळेत मुलं प्रश्न विचारायला भितात, कारण बाई उलट दोन विचारतात, अशी त्यांची ख्याती. त्या दगडासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "याला तुम्ही काय म्हणता?"

"तळखडा," ओळंबा म्हणाला.

"का बरं?"

ओळंब्याला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं टाकी ठेवली. "का म्हणजे? पायाला तळवा असतो, हाताला तळहात असतो. खांबाला कुठं आहे तळवा? मग त्याला दगडाचा करून द्यायचा. तळाचा खडा तो तळखडा. आमचे आजोबा असंच सांगायचे बुवा."

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. "ठेकेदाराच्या नकाशावर याला प्लिंथ म्हटलंय," त्या म्हणाल्या. "तोही शब्द फार जुना आहे. ग्रीक लोकांकडून आला. प्लिंथॉस. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वीट."

"वीट?" ओळंब्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "दगडाला वीट म्हणतात?"

"संगमरवराच्या खांबाखालच्या चौकोनी लादीलासुद्धा तेच नाव. मोठमोठ्या देवळांत."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

पडद्याआड सुतारिणीला हसू आवरेना. बाई मात्र गंभीर होत्या. "मला काय वाटतं सांगू? हा आपला माझा अंदाज. पहिल्यांदा लाकडाचेच खांब असतील. कुणीतरी आपल्या घराचा खांब ओल्या मातीत कुजताना पाहिला असेल, आणि हाताशी जे होतं ते खाली सरकवलं असेल. एखादी वीट. पुढे खांब दगडाचे झाले, घरांची देवळं झाली, पण नाव त्या पहिल्या विटेचंच राहिलं. मला तर हे फार सुंदर वाटतं. वरचं सगळं बदललं, तळाशी तो एक साधा माणूस तसाच राहिला, खांब कुजू नये म्हणून धडपडणारा." मग त्या उठल्या. "ओसरी उघडेल त्या दिवशी हे तुम्ही मुलांना सांगायचं. मी नाही, तुम्ही."

त्यानंतर ओळंब्याच्या डोक्यात ती वीट जी शिरली ती निघेना. जेवता जेवता थांबायचा आणि म्हणायचा, "वीट!" हात धुताना मान हलवायचा, "वीट म्हणे." दगडाच्या घराण्यात हा कोण परका घुसला, असा त्याचा एकूण सूर होता. आणि एका संध्याकाळी पानावर बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "काय गं, त्या पहिल्या माणसाची ती वीट हातानं थापलेली असणार. सरळ थोडीच असेल? मग तिच्यावर खांब उभा कसा राहिला?"

सुतारिणीचा घास हातातच राहिला. "राहिला असेल कसातरी," ती म्हणाली.

"कसातरी राहत नाही खांब," ओळंबा म्हणाला आणि जेवायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो हात धुवायला आला तेव्हा त्याचा डावा गाल पांढराफटक होता, दगडाच्या भुकटीनं. "गालाला काय लावून घेतलंत?" तिनं विचारलं. "खाज आली होती," तो म्हणाला. ती आपल्याच विचारात होती, तिनं पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर निदान चार दिवसांची धाकधूक वाचली असती, पण माणूस लपवायला लागला की त्याला दुसऱ्याचं लपवलेलं दिसत नाही.

ठेकेदार एकदा अचानक शेडेत उगवला, काखेत लांब पोलादी पट्टी घेऊन. सहावा दगड समोर तयार होता, त्याचा खांब अजून व्हायचा होता. सुतारिणीनं पट्टी बघितली, आणि चहाचा कप हातात घेऊन सरळ त्या दगडावर बसकण मारली.

"जरा उठता का, ताई? दगड बघायचाय."

"आत्ताच बसलेय हो. सकाळपासून पाय जमिनीला टेकला नाही. तुम्ही उभे राहिलेले खांब बघा ना, ते खरे."

बसलेल्या बाईमाणसाला उठवायचं त्याच्या जिवावर आलं. शिवाय शितावरून भाताची परीक्षा करायची त्याला सवयच होती. तो शाळेवर गेला, आणि पाठोपाठ, हवा खायला, सुतारीणही गेली. पाच खांब उभे होते. ठेकेदारानं पाण्याची नळी धरून खांबांची डोकी एका पातळीत आहेत का ते तपासलं. शिशाची दोरी सोडून अंगं सरळ आहेत का ते बघितलं. मग करवतीचं पातळ पातं घेऊन प्रत्येक सांध्यात घालून पाहिलं. पातं कुठंच शिरेना. पाचव्या खांबापाशी तो नुसताच उभा राहिला, आणि मग त्यानं टोपी काढली.

"ताई, दादांना सांगा, असं काम मी आजवर पाहिलं नाही."

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "माझं ते ऐकत नाहीत." आणि परत येताना टेम्पोत तिला रडू आलं. कौतुकाचं होतं की भीतीचं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

ठेकेदारानं खरोखरच येऊन सांगितलं. ओळंब्यानं ऐकून घेतलं, नुसता "हं" म्हणाला. एरवी अशा कौतुकावर त्याची आठवडाभराची सोय व्हायची. त्या दिवशी पडद्यापलीकडून टकटकही फारशी आली नाही.

सातवा खांब गेला. उरला एक. त्या दिवशी दुपारी जेवून ओळंबा भिंतीकडे तोंड करून आडवा झाला, आणि सुतारीण परकार घ्यायला पेटीपाशी गेली. परकार पेटीत नव्हता.

तिनं पेटी उपसली. भुशात हात घालून पाहिलं, पदर झटकला. मग पडदा बाजूला केला. पलीकडे आठवा दगड होता. ओळंब्यानं त्याच्या चारी बाजू अशा घडवल्या होत्या की बघत राहावं, कडा धारेसारख्या, कोपरे काटेकोर. पण माथ्याला त्यानं टाकी लावलीच नव्हती. वर दगड खाणीतून आला तसाच होता, एका बाजूनं चढलेला, मधे खळगा, कडेला एक टेंगूळ. आणि त्या खळग्यात परकार ठेवलेला होता, पुसलेला, बिजागरीला तेल दिलेला, दोन्ही टोकं कानशीनं नवी काढलेली.

मागून गोणपाटावरून आवाज आला, "सपाट करायचा कंटाळा आला."

"झोपला नव्हतात?"

"बऱ्याच दिवसांत झोपलो नाही दुपारचा." तो उठून बसला होता. "खांबाचा तळ कापायला तुला करवतीचे दहा हात लागतात आणि रंध्याचे दोन. तीस वर्षं ऐकतोय मी. या खेपेला दुसऱ्या खांबाच्या वेळी पटाशीनं जाग आली, ती थांबेचना. म्हटलं, ही एवढं काय कोरतेय? आणि पलीकडे कप्पी वर, कप्पी खाली. टेम्पोतली हवा तर काय विचारूच नकोस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून." त्यानं हात पुढे धरला आणि त्याच्याकडे परक्यासारखं बघितलं. "हा खोटं बोलायला लागलाय. मला पटेना. मग मी चौथ्या दगडावर गाल टेकवला. गालाला कळलं."

सुतारिणीला तो पांढरा गाल आठवला, आणि ती खाली बसली, त्या ओबडधोबड दगडाच्या शेजारी. "तुम्ही म्हणाला होतात, परकार फिरवायची वेळ आली तर टाकी खाली ठेवीन," ती म्हणाली. तीस वर्षांत तिनं त्याला इतकी घाबरून कधी काही विचारलं नव्हतं.

"म्हणालो होतो. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, मला अक्कल किती असणार?" ओळंबा म्हणाला. "तरी एक दिवस टाकी खाली ठेवलीच, ठेकेदार कौतुक करून गेला त्या दिवशी, तुला ऐकू आलं असेल. दुसऱ्या दिवशी तू भाजी आणायला गेलीस तेव्हा मी शाळेवर गेलो आणि सगळे सांधे बघून आलो, डोळ्यांनी. ते काम माझं नव्हतं गं. माझ्या चुका होत्या, आणि तू त्या एवढ्या मानानं सांभाळल्या होत्यास, की मला वाटलं, निदान एक दगड तरी तुला सरळ मनानं द्यावा. बाजू मला अजून घडवता येतात. माथा तू सांभाळ. मात्र ते टेंगूळ तुला जड जाणार असेल तर सांग, उडवतो."

"राहू दे," ती म्हणाली. "बापाच्या गोट्यांपुढे हे काहीच नाही." मग डोळे पुसून तिनं परकार उचलला, आणि पहिल्यांदाच, उघडउघड, पडदा बाजूला सारून, नवऱ्याच्या समोर त्याच्या दगडावर परकार फिरवला. तो मांडी घालून बघत होता. मधेच एकदा म्हणाला, "काय हात आहे गं तुझा." इतक्या वर्षांत आपण हे नुसतं मनात म्हणत राहिलो आणि यानं मोठ्यानं म्हणून टाकलं, असं तिला वाटून गेलं. रेघ तेवढी तिनं हलू दिली नाही.

ओसरी उघडली त्या दिवशी मुलं जमिनीवर बसली आणि मोठ्या बाईंनी ओळंब्याला पुढे केलं. त्यानं घसा साफ केला. तळव्याचं सांगितलं, तळहाताचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. मग म्हणाला, "आणि लांबच्या एका जुन्या भाषेत याला वीट म्हणायचे. मला आधी राग आला होता. आता नाही. कुणीतरी पहिल्यांदा खांबाखाली वीट सरकवली, त्याचं हे नाव. पण ती वीट वाकडी होती, बरं का."

"तुम्हाला काय माहीत?" पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं. बाईंचीच विद्यार्थिनी ती.

"पहिली वीट वाकडीच असते. आणि तरी खांब उभा राहिला. म्हणजे तिथं कुणीतरी सुतारही असणार, आणि तो शहाणा असणार. त्याचं नाव कुठल्या शब्दात राहिलं नाही. आमच्या सुताराचं नाव विचारायचं असेल तर ती बघा, खांबाआड लपलीय." सगळी मुलं वळली. सुतारीण लाजून लाल झाली आणि पुटपुटली, "ओळंबा कुठला!"

मुलं वर्गात गेली, बाई गेल्या, ठेकेदारही हात हलवून गेला. ओसरीत दोघंच उरली. आठव्या खांबापाशी ओळंबा वाकला आणि जुन्या सवयीनं त्यानं डोळे मिटले. लाकूड जिथं दगडाला भेटत होतं तिथं त्यानं तळहात टेकवला आणि सावकाश फिरवला, चढावरून, खळग्यावरून, टेंगळावरून. सुतारिणीनं आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवला आणि त्याच्याबरोबर फिरवला.

"फट लागतेय कुठं?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण मला आता कशातच काही लागत नाही."

"मलाही लागत नाहीये," सुतारीण म्हणाली.